रेकॉर्ड रूममधली माझी जागा

आप्पा, तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. तुमच्या मातीला आले तेव्हा सगळे रडत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हा माणूस उत्तर न देता निघून गेला. काकूंनी मला जवळ घेतलं तेव्हा रडू फुटलं, नाही असं नाही. पण ते नंतर. आधी राग आला होता. हे तुमच्यापासून कशाला लपवू? माझा राग तुमच्याइतका कुणी पाहिला नाही आणि तुमच्याइतका कुणी सोसलाही नाही.

आज दुपारी रेकॉर्ड रूममध्ये बसले होते. बाहेर कुणी नव्हतं, लाइट गेली होती. म्हटलं, चला, आता आप्पांना सगळं सांगून टाकू. समोर बसून कधी जमलं नाही. तुमच्यासमोर मी अर्धं बोलायची आणि तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचे.

मी नोकरीला लागले ते साल तुम्हाला आठवत असेल. नामांतरावरून गावंच्या गावं पेटून गेल्याला वर्षही झालं नव्हतं. माझ्या आत्याचं घर जळालं होतं. बाप पूर्णेला रेल्वेत गँगमन. त्यानं मला स्टँडवर सोडलं आणि म्हणाला, "कुणी काय बोललं तर ऐकून घे, पर नोकरी सोडू नगंस." कचेरीत कुणी काही बोललंच नाही. हेडक्लार्कनं हसून स्वागत केलं आणि माझं टेबल व्हरांड्याच्या पार टोकाला, सायकली लावायच्या जागेजवळ टाकलं. आवक-जावकचं रजिस्टर दिलं. "तिथं हवा चांगली लागते, बाई," म्हणाला. हवा लागायची खरी. उन्हाळ्यात झळा लागायच्या आणि पावसाळ्यात रजिस्टर पदराखाली धरून बसावं लागायचं. आत पाच टेबलं होती, त्यातलं एक तर महिनोन्‌महिने रिकामं होतं. ते रिकामं टेबल मी रोज येता-जाता बघायची.

तुम्ही तेव्हा मला नुसते दिसायचात. विश्वनाथआप्पा, रेकॉर्डकीपर. कपाळावर भस्माची बोटं, धोतर, काळी टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं जुने कागद वाचणारे तालुक्यात एकटे. तुम्ही माझ्या टेबलावरून जाताना मान हलवायचे. बाकीचे तेवढीही हलवत नव्हते, म्हणून ती लक्षात राहिली.

मग दोन-तीन वर्षांनी इमारतीची दुरुस्ती निघाली. निजामाच्या वेळची दगडी कचेरी, चुन्यातलं बांधकाम, या कमानी एवढ्या जाड की आत उन्हाळा शिरत नव्हता. पण छताचे सागवानी वासे कुजले होते, भिंतींना पोपडे आले होते. बांधकाम खात्यानं हुकूम काढला, काम सुरू करा. आणि कलेक्टर हापिसानं दुसरा हुकूम काढला, कामकाज एक दिवसही बंद ठेवायचं नाही. दोन्ही हुकूम एकाच टपालात आले, मीच आवक केले. तुम्हाला वाचून दाखवले तर तुम्ही म्हणालात, "म्हणजे घर पाडायचं बी आन् आत स्वैपाक बी करायचा."

काय दिवस होते ते! तहसीलदार साहेब पंधरा दिवस लिंबाखाली बसले. टायपिंगच्या मशीनवर प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत हात घालून टाइप. शिक्का मारला की चुन्याच्या धुळीमुळं निम्माच उमटायचा. उत्पन्नाच्या दाखल्याला आलेला एक म्हातारा चुकून कामावरच्या बायांच्या रांगेत उभा राहिला, गफूर मिस्त्रीनं त्याच्या डोक्यावर घमेलं दिलं, आणि तो बिचारा दोन फेऱ्या मारून आला. कचेरीत आता अशीच पद्धत असेल, असं त्याला वाटलं. तुम्ही त्याला खुर्चीवर बसवून पाणी दिलं आणि हाताला धरून नेऊन दाखला करून दिलात.

कामाची सुरुवात व्हरांड्यापासून झाली, कारण तिथलं छत सगळ्यात वाईट होतं. मला आत घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं, आप्पा. छतानं घ्यायला लावलं. माझं टेबल कुठं टाकावं यावर हेडक्लार्क दोन दिवस विचार करत होता. रिकाम्या टेबलावर त्यानं घाईघाईनं फायली रचून ठेवल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, "रेकॉर्डला टाका. बस्ते हलवायला माणूस लागतोच मला." मी धूळभरल्या रेकॉर्ड रूममध्ये आले. लाल फडक्यात बांधलेले गावोगावचे बस्ते छतापर्यंत रचलेले, मधे तुमचं टेबल आणि त्याला लागून माझं. पहिल्यांदा मला कचेरीत भिंतीला पाठ टेकून बसायला मिळालं.

आणि पहिल्याच महिन्यात मी तो पराक्रम केला.

मिस्त्रीची माणसं आत येणार, बस्ते इकडून तिकडं जाणार, एखादं पान गहाळ व्हायला नको. म्हणून तुम्ही मला सांगितलं की प्रत्येक मिसलीच्या पानांवर निळ्या पेन्सिलीनं आकडे टाका. मिसल म्हणजे एकेका प्रकरणाची फाइल, एवढं मला कळत होतं. मी तीन आठवडे मान मोडून आकडे टाकले. मला दाखवायचं होतं ना, की बघा, हिला आत बसवली तर ही किती काम करते. शंभरावर मिसली झाल्यावर तुम्ही एक सहज उघडलीत आणि बघतच राहिलात. मग दुसरी. मग तिसरी.

"बाई, ह्या कोणत्या बाजूनं उघडल्या तुमी?"

"अशा," मी दाखवलं. आपली मराठी वही उघडतात तशा.

उर्दू उजवीकडून सुरू होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी शेवटच्या पानाला एक नंबर दिला होता आणि पहिल्याला शेवटचा. माझ्या आकड्यांप्रमाणं वाचलं तर आधी निकाल लागायचा, मग साक्षी व्हायच्या आणि सगळ्यात शेवटी भांडण सुरू व्हायचं.

आता हेडक्लार्कला कळणार, आता हा म्हणणार, बघा, म्हणून बाहेर ठेवली होती. तुम्ही तोंडावर उपरणं धरलंत. मला वाटलं धूळ गेली. तुमचे खांदे हलत होते. हसत होता तुम्ही, आप्पा! डोळ्यातून पाणी येईस्तोवर. "अख्खा निजाम उलटा टांगला की ओ बाई तुमी," म्हणालात. मी रागानं लाल झाले. मला रडायचं होतं आणि हा माणूस हसत होता.

हसणं थांबल्यावर तुम्ही दार लोटून घेतलंत. "हे तुमच्या-माझ्यात ऱ्हाऊ द्या. पर आता हे पुन्ना नीट करायचं तर पान वाचता यायला पाहिजे. न्हाई तर पुन्ना उलटं होईल. शिकता का?"

मी विचारलं, "मला येईल?"

"कामून येणार न्हाई? मला आलं की. अन् मी काय लय हुशार हाय व्हय?"

टेबलाशेजारच्या भिंतीचा जुना गिलावा खरवडून झाला होता. तुम्ही कोळशाचा तुकडा घेऊन त्या उघड्या भिंतीवर अलिफ काढला, खाली बे, पे, ते. रोज चार-चार. टिंबं एक की दोन, वर की खाली, यावरून मी केवढी चिडायची! तुम्ही शांतपणे पुन्हा काढायचात. आठ-दहा दिवसांनी गफूर मिस्त्री थापी घेऊन त्या भिंतीपाशी आला. कोळशाची अक्षरं बघून थांबला. माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं. "बाई, तुमकू याद होनेतलक इधर गिलावा नै मारता मैं," म्हणाला आणि दुसऱ्या भिंतीकडं गेला. सगळी खोली पांढरी झाली, फक्त माझ्या बाजूची चार हात भिंत काळी राहिली. इंजिनियर दोनदा ओरडून गेला. मिस्त्रीनं त्याला काय थाप मारली कोण जाणे. चार महिन्यांत मी छापील वाचायला लागले, सहा महिन्यांत हातचं. जुने मुन्शी घाईत लिहायचे ती मोडकी लिपी मात्र शेवटपर्यंत तुमच्याकडूनच सोडवून घ्यावी लागली. उलटे आकडे खोडून सुलटे टाकायला मला पुढचे सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत मी अख्खा तालुका वाचून काढला. कुणाची विहीर, कुणाचा बांध, कुणाला कशावरून मारलं. माझ्या आजोबांच्या गावचा बस्ताही निघाला. त्यात आमच्या माणसांची नावं होती, नावापुढं जात होती आणि अंगठे होते. मी ते पान बराच वेळ धरून बसले. तुम्ही चहा मागवलात.

आपण भांडायचो ते याच खोलीत. तुम्ही एकदा म्हणालात, "विद्यापीठाचं नाव बदलायचं म्हंजे कागदावर एक ओळ. त्याच्यापायी एवढं रान कामून पेटवायचं?" मी म्हटलं, "एकच ओळ आहे ना? मग लिहीत का नाहीत? एका ओळीसाठी माझ्या आत्याचं घर का जाळावं लागलं?" मग मी तुमच्या गळ्यातल्या लिंगाकडं बोट केलं. "तुमच्या लिंगायत धर्मात तर शेकडो वर्षांपूर्वीच सांगितलंय, सगळी माणसं सारखी म्हणून." माझी जीभ तेव्हा फारच तिखट होती. तुम्ही रागवाल वाटलं. तुम्ही म्हणालात, "सांगितलं खरं. आमी ऐकलं कधी?" आणि चष्मा पुसत बसलात.

पण खरं भांडण ते नव्हतं. खरं भांडण माझ्या जागेचं.

काम संपत आलं. व्हरांडा तर केव्हाच तयार झाला होता, नवे पत्रे, नवी फरशी. हेडक्लार्कनं कोण कुठं बसणार याची यादी करायला घेतली आणि मी पुन्हा बाहेर, सायकलींजवळ. आता तर नवी फरशी आहे, म्हणाला. मी तुम्हाला सांगितलं, "मी तिथं परत बसणार नाही. राजीनामा देईन, पण बसणार नाही." तुम्ही म्हणालात, "बघू." त्या "बघू"चा मला इतका संताप आला, की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या रिटायरमेंटला तीन महिने उरले होते. तुमचं काय, तुम्ही जाल गावाकडं, असं मनात म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी तहसीलदार साहेबांची सुनावणी रेकॉर्ड रूममध्ये होती, कारण त्यांच्या खोलीचा रंग ओला होता. सोनपेठकडचे दोघं भाऊबंद, विहिरीवर जायच्या वाटेचं भांडण, आणि पुरावा होता जुन्या उर्दू मिसलीत. साहेब पुण्याकडचे, त्यांना उर्दूचा गंध नाही. सगळी कचेरी उभी होती. साहेब म्हणाले, "वाचा आप्पा." तुम्ही मिसल उघडलीत, डोळ्यापुढं धरलीत, लांब नेलीत. मग म्हणालात, "साहेब, नजर धूसर झालीय. खंदारेबाई वाचतील."

हेडक्लार्कनं मान वर केली. मी वाचायला लागले. एक पान गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या पानावर त्या मोडक्या लिपीतल्या एका ओळीवर अडकले. तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही खाली फरशीकडं बघत होता. एक हाक दिली असती तर तुम्ही सांगितलं असतं, पण मी दिली नाही. जीव मुठीत धरून एकेक अक्षर सोडवलं आणि ओळ वाचली. त्या दोघांतला म्हातारा म्हणाला, "बरोबर वाचलं बाईनं. आमचा आजा ह्येच सांगायचा, चिंचंच्या बुडापसून वाट म्हणून." साहेब म्हणाले, "आप्पा गेल्यावर रेकॉर्ड कोण बघणार, ही काळजीच होती. ह्यांना इथंच ठेवा." झालं. हेडक्लार्कनं यादीत खोडाखोड केली. माझी जागा आत झाली.

संध्याकाळी सायकलीपाशी मी तुम्हाला गाठलं.

"तुमची नजर खरंच धूसर आहे का?"

"न्हाई."

"मग?"

"साहेबांच्या कानावर पडायला पाहिजे होतं, तुमाला येतंय म्हणून. मी नुसतं सांगितलं असतं तर ती शिफारस झाली असती."

"आणि बाकीचे जे आत बसलेत, त्यांनी काय वाचून दाखवलं? हेडक्लार्कची कुणी परीक्षा घेतली? मलाच का? माझ्या जागेसाठी मी सगळ्यांसमोर उभं का राहायचं?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग सायकल हातात धरून चालत निघून गेलात. बसलासुद्धा नाहीत तिच्यावर.

त्यानंतर तो विषय आपण कधी काढला नाही. तुम्ही मला चार्ज दिलात, सही केलीत, किल्ल्या दिल्यात आणि गावी गेलात. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी एसटीनं तुमच्याकडं यायची, अडलेली पानं उतरवून घेऊन. पहिल्या वेळी काकूंनी चहा ओसरीवर आणून दिला. दुसऱ्या वेळी आत चुलीजवळ. मधे तुम्हा दोघांत काय झालं मला माहीत नाही, पण काही झालं असणार. तुम्ही प्रत्येक अवघड शब्द सोडवून दिलात. एकदाही कंटाळला नाहीत. माझ्या लग्नाला आलात, पहिल्या पंगतीला बसलात, माझ्या बापाच्या शेजारी. बाप त्या दिवशी जेवण वाढायला उठला तर तुम्ही त्याचा हात धरून खाली बसवलंत. "आज तुमी बसायचं," म्हणालात. मला हे सगळं दिसत होतं, आप्पा. मी आंधळी नव्हते. तरी आत कुठंतरी तो प्रश्न कुरतडत राहायचा. मला वाटायचं, यांनी माझ्यावर दया केली. आणि दया मला नको होती.

यंदा संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. ती एक ओळ लिहिली एकदाची, केवढ्या वर्षांनी. मी ठरवलं होतं, रविवारी तीळगूळ घेऊन तुमच्याकडं जायचं आणि म्हणायचं, "लिहिली बघा ओळ. आता बोला." तो रविवार कामात गेला, पुढचा पाहुण्यांत. आणि मग तुमच्या मुलाचा, महादेवचा फोन आला.

परवा महादेवनं मला पुन्हा बोलावून घेतलं. तुमच्या पेटीत तुमच्या डायऱ्या निघाल्या, सगळ्या उर्दूत. तुमची तिन्ही पोरं मराठी शाळेत शिकलेली, घरात कुणाला वाचता येईना. तुम्ही काही सांगून ठेवलंय का, कुणाला काही द्यायचंय का, याची त्यांना रुखरुख लागली होती. माजघरात सगळे बसले, मला मधे पाटावर बसवलं आणि डायऱ्या माझ्यापुढं ठेवल्या. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. पाऊस किती झाला. बैल आजारी. सेलूच्या बहिणीचं पत्र आलं. काकूंना ताप. एकेका दिवसाला दोन-तीन ओळी, सगळं तुमच्यासारखं, मोजून-मापून.

मग त्या सालची डायरी आली, आणि तो दिवस आला.

तुम्ही लिहिलं होतं, "आज खंदारे बाई का इम्तिहान लिया. औरों का कभी न लिया था. उन्होंने पूछा, जवाब न बन पड़ा. शर्म आई."

मी थांबले. महादेव म्हणाला, "काय लिहिलंय?"

मला सांगता आलं असतं, काही नाही, पावसाचं आहे. कुणाला कळणार होतं? पण मी सगळं वाचलं, पहिल्यापासून, आणि मराठीतही सांगितलं. तुमची धाकटी सून डोळे पुसायला लागली, तिला तर काय प्रकरण हेही माहीत नव्हतं.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिशी जेवले न्हाईत. मी इचारलं, कामून? तर म्हणले, आज लेकीपुढं खाली मान घालावी लागली."

बारा वर्षं, आप्पा. एवढं तुम्ही मला तोंडानं सांगितलं असतं, तर मी तिथंच भांडण मिटवून टाकलं असतं. आता माझं ऐका. ती जागा माझीच होती. छतानं दिली नव्हती, साहेबांनी दिली नव्हती आणि तुम्हीही दिली नव्हती, हे तुम्हालाही कळलं होतं. तिच्यासाठी मी तुमचे आभार मानणार नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या पोरांना वाचता न येणारी तुमची ती ओळ मला वाचता आली. ती अक्षरं तुम्ही दिलीत. त्यांच्यासाठी मी तुमच्या पाया पडते.